लंच काउंटरवरच्या ठिय्यामागची तयारी

ग्रीन्सबरोची गोष्ट बहुतेकांना चार ओळींत माहीत असते. १ फेब्रुवारी १९६०, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना राज्य, वूलवर्थचं दुकान. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील हे पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि बघता बघता दक्षिणेतल्या शहराशहरांत पोरं बसायला लागली. यात खोटं काहीच नाही. पण एवढंच ऐकलं की वाटतं, चौघांनी धाडस केलं आणि बाकीचं आपोआप घडलं. असं जाऊन बसणं त्याआधी वीस वर्षं अधूनमधून चालू होतं. १९६० साली ते टिकलं आणि पसरलं, त्यात धाडसाइतकाच वाटा तालमीचा, गल्ल्याच्या हिशेबाचा आणि कायद्याच्या बारकाव्यांचा होता. त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हे.

आधी दुकान समजून घ्यायला हवं. वूलवर्थ, क्रेस, मॅक्रोरी, मॅक्लेलन ही स्वस्त किरकोळ मालाची साखळी दुकानं होती. टूथपेस्टपासून वह्यांपर्यंत सगळं मिळे आणि त्याच छपराखाली एका बाजूला खाण्याचा लांबलचक काउंटर, त्यापुढे जमिनीला पक्की बसवलेली फिरती स्टुलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक टूथपेस्ट घ्यायला आलं तर त्याचे पैसे हसतमुखाने घेतले जात. तेच गिऱ्हाईक चार पावलं चालून कॉफीसाठी स्टुलावर बसलं की नियम बदलायचा. म्हणजे मालक एक, दुकान एक, फक्त बसायला बंदी. गोऱ्यांच्या खास हॉटेलात जाऊन बसले असते तर मालक म्हणाला असता, आमचं तुमच्याशी गिऱ्हाइकीचं नातंच नाही. इथे ते म्हणायची सोय नव्हती. त्या चौघांनी बसण्याआधी किरकोळ खरेदी केली आणि पावत्या जपून ठेवल्या, त्या यासाठीच. वेट्रेसने नकार दिल्यावर त्यांचा मुद्दा तयार होता: तिकडे आत्ताच आमचे पैसे घेतलेत की! पुढे खरेदी करून पावती खिशात ठेवणं ही ठिकठिकाणी रीतच पडली.

साखळी दुकान निवडण्याचं दुसरंही कारण होतं. वूलवर्थच्या मुख्यालयाचं धोरण ‘स्थानिक रिवाज पाळा’ असं होतं. स्थानिक मॅनेजर वर बोट दाखवायचा आणि वरचे खाली. पण न्यूयॉर्कमध्ये आणि उत्तरेतल्या इतर शहरांत त्याच कंपनीच्या दुकानांपुढे विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले, तेव्हा ही टोलवाटोलवी अवघड झाली. एकाच गावातल्या सुट्या हॉटेलवाल्यावर असा दोन्ही टोकांनी दाब आणताच आला नसता.

आता स्टुलाचा हिशेब. लंच काउंटरची कमाई दुपारच्या थोड्या तासांत होते आणि स्टुलं मोजकीच असतात. सेवा न मिळालेला माणूस शांतपणे बसून राहिला की त्या स्टुलाची त्या दिवसाची कमाई गेली. त्याला हाकलावं तर गडबड होते, बसू द्यावं तर काउंटर बंद पडतो. आणि तोटा काउंटरपुरता राहत नाही. गडबडीच्या भीतीने गोरी गिऱ्हाइकंही त्या रस्त्याला फिरकत नाहीत. ग्रीन्सबरोच्या मॅनेजरने पहिल्या दिवशी पोरांना अटक करवली नाही. बसतील आणि कंटाळून जातील असा त्याचा अंदाज. दुसऱ्या दिवशी वीसहून जास्त आले, तिसऱ्या दिवशी साठहून जास्त, चौथ्या दिवशी तीनशेच्या आसपास. शनिवारी दुकान इतकं भरलं की बॉम्बची अफवा आली आणि ते बंद करावं लागलं. यात जवळच्या बेनेट कॉलेजच्या मुलींचा मोठा वाटा होता, आणि चार पोरांच्या गोष्टीत तो नेहमी गळून जातो.

दुकानाच्या बाजूचे लोकही हिशेब शिकत होते. गोरी पोरं आधीच येऊन स्टुलं अडवून ठेवायची आणि गोरं गिऱ्हाईक आलं की उठून जागा द्यायची. त्यावर उपाय एकच, दुकान उघडताना पहिलं आत शिरणं. काही मॅनेजर ‘काउंटर बंद’ अशी पाटी लावून दिवे मालवायचे, काही ठिकाणी स्टुलंच काढून टाकली गेली. हे विद्यार्थ्यांच्या पथ्यावरच पडायचं. त्यांना तिथे खायचं नव्हतं, बंदी मोडायची होती, आणि बंद काउंटरचा तोटा दुकानाच्याच माथी.

ग्रीन्सबरोच्या आधीचे प्रयत्न मग का पसरले नाहीत? १९३९ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात सॅम्युएल टकर या वकिलाने पाच तरुणांना गोऱ्यांच्या वाचनालयात पाठवलं; कार्ड नाकारलं गेल्यावर त्यांनी पुस्तकं घेतली आणि वाचत बसले. १९४३ मध्ये वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, त्यांत कायद्याच्या विद्यार्थिनी पॉली मरेही होत्या, एका कॅफेटेरियात हाच मार्ग वापरला. १९५८ च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटात डॉकम ड्रगस्टोअरचा काउंटर तीनेक आठवड्यांत मोकळा झाला. लगेच ऑगस्टमध्ये ओक्लाहोमा सिटीत शिक्षिका क्लारा लूपर तेरा मुलांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये बसल्या. त्यातलं सगळ्यात लहान मूल सहा वर्षांचं होतं! हे प्रयत्न फसले नव्हते. पण ते एकेका शहरापुरते होते, बरेचसे दक्षिणेच्या सीमेवरचे. एका शहरातली बातमी आठवड्याच्या आत दुसऱ्या शहरातल्या सज्ज गटापर्यंत पोचेल असं जाळं तोवर विणलं गेलं नव्हतं. १९६० मध्ये कृष्णवर्णीयांची कॉलेजं, चर्चं आणि युवक मंडळं मिळून ते जाळं होतं. ग्रीन्सबरोला ठिणगी पडली तेव्हा सर्वांत जास्त तयारीत असलेलं शहर मात्र टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल होतं.

नॅशव्हिलच्या तयारीचा एक धागा थेट नागपूरला पोचतो. जेम्स लॉसन या मेथडिस्ट तरुणाने कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारली आणि तुरुंगवास भोगला. मग १९५३ ते १९५६ तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्याने तिथेच केला. परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला दक्षिणेत यायचा आग्रह केला. तो नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला आला आणि १९५८ पासून चर्चच्या तळघरात कार्यशाळा घेऊ लागला. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफेएट, जेम्स बेव्हल, मेरियन बॅरी ही चळवळीतली पुढारी मंडळी सगळी त्याच कार्यशाळांत घडलेली.

या कार्यशाळांत भाषणं कमी आणि तालीम जास्त असे. खुर्च्यांची रांग मांडायची, तिला काउंटर मानायचं. काहीजण बसायचे, काहीजण गोरे गुंड व्हायचे. शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचं. मग थांबून चर्चा: तुला काय वाटलं, हात कुठे गेला, डोळे कुठे होते. नंतर भूमिकांची अदलाबदल. खाली पाडलं तर गुडघे पोटाशी घेऊन डोकं हातांनी झाकायचं. एकावरच मारा होत असेल तर दुसऱ्याने मध्ये पडून तो वाटून घ्यायचा. शक्य असेल तर मारणाऱ्याच्या नजरेला नजर द्यायची, कारण डोळ्यांत पाहणाऱ्याला मारणं जड जातं असा लॉसनचा अनुभव. ज्याला तालमीतही हात आवरत नसे त्याला काउंटरवर पाठवत नसत. गाडी चालवणं, निरोप पोचवणं, फोन सांभाळणं अशी कामं पुष्कळ होती. हा निकष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बसणाऱ्यांची संख्या वाढवण्याच्या नादात तो सोडला असता तर पहिल्याच शनिवारी घात झाला असता.

तालीम नसेल तर काय होतं ते व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला दिसलं. फेब्रुवारी १९६० मध्येच तिथे शाळकरी मुलं कुठल्याही प्रशिक्षणाविना बसली. गोऱ्या पोरांनी डिवचल्यावर बाहेर हाणामारी जुंपली आणि बातमी झाली ती हाणामारीची. मग ‘कोर’ या वांशिक समतेसाठी झटणाऱ्या संघटनेचा कार्यकर्ता गॉर्डन कॅरी तिथे गेला, मुलांची तालीम घेतली, आणि पुढचे ठिय्ये शांतपणे पार पडले.

नॅशव्हिलकरांनी थेट बसण्याआधी चाचणीही घेतली होती. २८ नोव्हेंबर १९५९ ला हार्वीज आणि आठवड्याने केन-स्लोन या दुकानांत छोटे गट गेले. काहीतरी विकत घेतलं, काउंटरवर बसून मागणी केली, नकार मिळाल्यावर मॅनेजरशी सभ्यपणे बोलले आणि उठून आले. दुकानाचं धोरण नक्की काय आहे आणि नकार देतंय कोण, हे पक्कं करून घ्यायचं होतं. पुढे वाटाघाटींत ‘असा काही नियमच नाही’ म्हणायला जागा उरली नाही. मग १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी तीन दुकानांत शिरले. वार शनिवार. बाजारात गर्दी आणि कॉलेजला सुट्टी.

लुईस आणि लाफेएट यांनी तयार केलेली नियमांची यादी सगळ्यांकडे होती, आणि ती वाचताना लक्षात येतं की प्रत्येक नियमामागे एखादा संभाव्य गुन्हा किंवा अपघात आहे. उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानाच्या देखरेख्याशी गप्पा मारू नका. नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाचं दार किंवा आतली वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. काही गंभीर घडलं तर नेत्याला कळवा, चौकशी करणाऱ्याला नम्रपणे नेत्याकडे पाठवा. शेवटी ख्रिस्त, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा. यातला वाट न अडवण्याचा नियम बघा. दार अडवलं की पोलिसांना वेगळं कलम लावायला मोकळं रान. नुसतं बसलेल्यावर लावायला कलम शोधावं लागतं. नेता एकच ठेवल्यामुळे वार्ताहराला किंवा मॅनेजरला दहा जणांकडून दहा उत्तरं मिळत नसत. कोट-टाय, इस्त्रीचे कपडे, समोर अभ्यासाची वही. फोटोत कोण कसं दिसतंय हे सांगायला मथळ्याची गरज पडू नये इतकी ही सोय पक्की होती.

२७ फेब्रुवारीला या सगळ्याची परीक्षा झाली. त्या दिवशी गुंडांना मोकळीक मिळाली, विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि अटक झाली ती ८१ आंदोलकांना, मारणाऱ्यांपैकी कुणालाच नाही. पण एक तुकडी गाडीत भरली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसत होती. पोलिसांनी गृहीत धरलं होतं की अटकेने स्टुलं रिकामी होतील. ती भरतच राहिली, तुरुंगही भरला आणि जामिनाची रक्कम १०० डॉलरवरून ५ डॉलरवर आली. तरी पोरांनी जामीन घेतला नाही. न्यायालयाने ५० डॉलर दंड केला, तोही अनेकांनी भरला नाही आणि त्याऐवजी कैद पत्करली. दंड भरणं म्हणजे ज्या व्यवस्थेने चुकीची अटक केली तिलाच पैसे पुरवणं, ही डायन नॅशची भूमिका.

जामिनाचा प्रश्न भावनिक कमी आणि आर्थिक जास्त होता. शंभर-शंभर डॉलरचे शेकडो जामीन म्हणजे संघटनेची तिजोरी महिन्याभरात रिकामी. दक्षिण कॅरोलिनातल्या रॉक हिलला ३१ जानेवारी १९६१ रोजी फ्रेंडशिप ज्युनिअर कॉलेजचे विद्यार्थी मॅक्रोरीच्या काउंटरवर पकडले गेले. शिक्षा १०० डॉलर दंड किंवा ३० दिवस सक्तमजुरी. नऊ जणांनी मजुरी निवडली आणि कौंटीच्या तुरुंगशेतीवर गेले. आता दंड येण्याऐवजी त्यांना पोसण्याचा खर्च सरकारच्या अंगावर. त्यांच्या सोबतीला डायन नॅश, रूबी डोरिस स्मिथ, चार्ल्स शेरॉड आणि चार्ल्स जोन्स बाहेरून येऊन त्याच गुन्ह्यात आत गेले. या युक्तीला मर्यादाही होती. महिनाभर आत बसलेला माणूस महिनाभर बाहेर संघटनेचं काम करू शकत नाही, परीक्षा बुडते, आणि नेतेच आत गेले तर वाटाघाटीला कोण बसणार? म्हणून सरसकट सगळ्यांनी आत जायचं असं कधी झालं नाही.

विद्यार्थ्यांची खरी दुखरी नस कॉलेज होती. सरकारी कॉलेजांचा पैसा राज्याच्या हातात. माँटगोमेरीत अलाबामा स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २५ फेब्रुवारी १९६० ला न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात ठिय्या दिला आणि लगोलग नऊ जणांना सुनावणीविना काढून टाकलं. त्यातून डिक्सन विरुद्ध अलाबामा हा खटला उभा राहिला, आणि १९६१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ठरवलं की सरकारी कॉलेजाला विद्यार्थ्याला नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येणार नाही. अमेरिकेत आज सरकारी कॉलेजातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला मिळणाऱ्या या संरक्षणाचं मूळ एका उपाहारगृहात आहे, हे तिथल्याही फार लोकांना ठाऊक नसतं. फिस्क, बेनेट, टूगलू यांसारख्या खासगी कॉलेजांना थोडी जास्त मोकळीक होती. खासगी म्हणजे सुरक्षित असंही नाही: लॉसनला व्हँडरबिल्टने मार्च १९६० मध्ये काढून टाकलं.

नॅशव्हिल शेवटी नमलं ते बहिष्काराने. ईस्टरच्या आधी कपड्यांची खरेदी जोरात असते. नेमकी तेव्हाच कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेकडे पाठ फिरवली. महापौर बेन वेस्ट यांनी नेमलेल्या समितीने तोडगा सुचवला की काउंटरचा एक भाग सर्वांना, एक भाग फक्त गोऱ्यांना, असं तीन महिने करून बघू. विद्यार्थ्यांनी तो नाकारला, आणि ते बरोबरच केलं. अर्धा काउंटर स्वीकारला की बंदीला तुमची सहीच मिळते. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा सिटी हॉलवर गेला. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौरांना सरळ विचारलं की केवळ रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि त्यांना हो म्हणावं लागलं. दुकानदारांना हवा असलेला आडोसा मिळाला. १० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले.

त्या कराराची अंमलबजावणी मला बॉम्ब आणि मोर्चाइतकीच वाचनीय वाटते. दुकानदारांना आधी कळवलेल्या दिवशी थोडेच निवडक कृष्णवर्णीय ग्राहक येणार, नोकरवर्गाला आधी सूचना, वर्तमानपत्रांना गाजावाजा न करण्याची विनंती. दोन-एक आठवडे असं नियंत्रण ठेवून मग ते उठवायचं. म्हणजे आत शिरण्याची जशी तालीम झाली तशीच जिंकल्यानंतर जेवण्याचीही. ग्रीन्सबरोत २५ जुलैला काउंटर उघडला तेव्हा पहिलं खाणं वाढलं गेलं ते दुकानातल्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना. जुलैपर्यंत उशीर होण्यात कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीचाही हात होता. मॅनेजर सुट्टीची वाट पाहत होते, पण डडली हायस्कूलच्या गावातल्याच मुलांनी धरणं चालू ठेवलं आणि तो डाव फसला.

शिस्त, तालीम, नियम सगळं असूनही हे जमलं नाही अशी जागा म्हणजे मिसिसिपीतलं जॅक्सन. २८ मे १९६३ ला टूगलू कॉलेजचे विद्यार्थी आणि प्राध्यापक वूलवर्थमध्ये बसले. त्यांच्या अंगावर केचप, मोहरीची चटणी, साखर ओतली गेली, मारहाण झाली, आणि पोलीस बाहेर उभे राहिले. सुमारे तीन तास हे चाललं. फोटो जगभर गेला, काउंटर खुला झाला नाही. नॅशव्हिलमध्ये महापौराला निवडणुकीची आणि दुकानदारांना धंद्याची काळजी होती. जॅक्सनमध्ये नमण्याची किंमत न नमण्यापेक्षा जास्त होती. ठिय्याने दुकानदारावर दाब येतो, पण त्याला नमू देणारं कुणी शहरात असावं लागतं.

उरला कायदा. बसणाऱ्यांवर मुख्यतः दोन आरोप लागत, शांतताभंग आणि अनधिकार प्रवेश. शांतताभंगाचा १९६१ च्या गार्नर विरुद्ध लुइझियाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल लावला: नुसतं शांत बसण्यात भंग झाल्याचा पुरावाच नाही. अनधिकार प्रवेश जास्त अवघड होता. दुकानाचं दार सगळ्यांना उघडं, मग प्रवेश अनधिकार कसा? दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्यात मनाई केल्यावर आत येणं हा गुन्हा होता. सांगूनही न जाणं हा नव्हता. राज्याच्या न्यायालयाने तो अर्थ मागाहून ताणला, आणि बूई विरुद्ध कोलंबिया खटल्यात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ताण रद्द ठरवला. तोवर अनेक राज्यांनी कायदेच बदलून ‘सांगूनही न जाणं’ हा गुन्हा करून टाकला होता.

मूळ पेच वेगळाच होता. कायद्याचं समान संरक्षण देणारी घटनेची चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी दुकानदाराला नाही. म्हणून वकिलांनी प्रत्येक खटल्यात सरकारचा हात शोधला. दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये शहराचा अध्यादेशच विभक्त बसवा म्हणत होता, तेव्हा १९६३ च्या पीटरसन खटल्यात शिक्षा रद्द झाल्या. न्यू ऑर्लिन्समध्ये अध्यादेश नव्हता, पण महापौर आणि पोलीसप्रमुखांनी ठिय्ये चालू देणार नाही असं जाहीर केलं होतं. लोम्बार्ड खटल्यात तेवढंही पुरलं. जिथे सरकारने तोंडही उघडलं नाही तिथे काय, हा प्रश्न मात्र न्यायालयाने शेवटपर्यंत टाळला.

२ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तो प्रश्न वळसा घालून सोडवला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचा मुख्य आधार आंतरराज्य व्यापाराचं नियमन करण्याचा संघीय संसदेचा अधिकार हा होता, आणि तो खासगी धंद्यालाही लागू पडतो. हॉटेल, रेस्टॉरंट, लंच काउंटर, पेट्रोल पंप, सिनेमागृह यांत वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यावरून भेदभाव बंद. डिसेंबरमध्ये अटलांटाचं एक मोटेल आणि बर्मिंगहॅमचं ऑलीज बार्बेक्यू यांच्या खटल्यांत तो टिकला. ऑलीजची गिऱ्हाइकं गावचीच होती, पण त्याचं बरंचसं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं, आणि तेवढं पुरलं. त्याच दिवशी हॅम विरुद्ध रॉक हिल खटल्यात ठरलं की नव्या कायद्याआधीच्या, पण अजून अपिलात असलेल्या शांततामय ठिय्यांच्या शिक्षाही रद्द. रॉक हिलच्या त्या नऊ जणांनी शिक्षा भोगून संपवली होती; त्यांच्या नोंदी पुसायला २०१५ उजाडलं.

कायद्यात फटी ठेवलेल्या होत्याच. मालक स्वतः राहत असलेलं आणि पाच किंवा कमी खोल्या भाड्याने देणारं घर वगळलेलं, खरोखर खासगी असलेले क्लब वगळलेले, किरकोळ दुकानांचा यादीत उल्लेखच नाही. त्यामुळे दक्षिणेत बऱ्याच हॉटेलांवर रातोरात ‘क्लब’ अशी पाटी लागली आणि गोऱ्या गिऱ्हाइकांना सभासद-कार्डं वाटली गेली. अशा क्लबांचं सोंग न्यायालयात एकेक करून उघडं पाडावं लागलं. खटला भरणाऱ्याला नुकसानभरपाई मिळत नसे, फक्त मनाईहुकूम. पिगी पार्क या खाद्यगृहांच्या साखळीविरुद्धच्या १९६८ च्या खटल्यानंतर निदान जिंकणाऱ्याला वकिलाचा खर्च मिळणं हा नियम झाला.